नमुना कुठून आला? मानवी अंडपेशीवरच्या खुणा वाचण्याचा इतिहास

शोधनिबंध हातात आला की आपल्यापैकी बहुतेक जण आधी सारांश वाचतात, मग निष्कर्ष, आणि वेळ उरला तर आकृत्या. 'साहित्य आणि पद्धती' हा भाग परीक्षेत कुणी विचारत नाही, म्हणून तो राहूनच जातो. नेट-सेट किंवा पेटची तयारी चालू असेल तर तेवढी फुरसतही नसते, हे मला मान्य आहे. तरी आज मला त्याच कंटाळवाण्या भागाची बाजू घ्यायची आहे, आणि ती घेण्यासाठी एक इतिहास सांगायचा आहे.

विषय आहे मानवी अंडपेशी, आणि ती पक्व होत असताना तिच्यावर उमटणाऱ्या एपिजेनेटिक खुणा. रक्ताचा नमुना हवा असेल तर एका बाटलीत लाखो पेशी मिळतात. शुक्राणू तर कोटींनी मिळतात. अंडपेशी मात्र एका बाईकडून एका वेळी मोजून काही मिळतात, त्याही शस्त्रक्रिया किंवा हार्मोनची इंजेक्शनं यांच्यातून गेल्यावर. त्यामुळे या विषयात 'काय सापडलं' हे नेहमी 'कोणती अंडपेशी टेबलावर आली' यावर अवलंबून राहिलं आहे. गेल्या नव्वद वर्षांत हे पुन्हा पुन्हा घडलं. कसं ते बघू.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ

पहिला शब्द 'पक्व होणं'. अंडपेशीच्या बाबतीत याचे दोन अर्थ आहेत आणि बरीचशी गडबड इथेच होते.

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या सगळ्या अंडपेशी तयार होतात. गर्भाच्या पाचव्या महिन्याच्या सुमाराला त्यांची संख्या साठ-सत्तर लाखांच्या घरात असते. त्या अर्धसूत्री विभाजन सुरू करतात आणि मध्येच थांबतात. हा थांबा बारा वर्षांचा असू शकतो, पन्नासचाही. पुढे त्यातल्या काही गटागटानं जाग्या होतात आणि वाढायला लागतात. सुमारे ३५ मायक्रॉनची पेशी कित्येक महिने वाढत जाऊन सुमारे १२० मायक्रॉनची होते. ही झाली वाढ. त्यानंतर मासिक चक्राच्या मध्यावर हार्मोनचा इशारा मिळतो, थांबलेलं विभाजन पुढे सरकतं, अर्धी गुणसूत्रं एका छोट्या गोळीच्या रूपात बाहेर टाकली जातात आणि पेशी फलनासाठी तयार होते. ही झाली अंतिम पक्वता, आणि तिला दीड दिवस लागतो. वाढीला महिने, पक्वतेला तास. हा फरक डोक्यात ठेवा, शेवटपर्यंत लागणार आहे.

दुसरा शब्द 'एपिजेनेटिक खूण'. डीएनएची अक्षरं तीच ठेवून त्यांच्यावर किंवा त्यांना गुंडाळणाऱ्या हिस्टोन प्रथिनांवर रासायनिक गट चिकटतात आणि कोणतं जनुक चालू, कोणतं बंद हे ठरायला मदत करतात. सगळ्यात जास्त अभ्यासलेली खूण म्हणजे सायटोसिन या अक्षरावर बसणारा मिथाइल गट. पुस्तकातला मजकूर न बदलता पेन्सिलीनं समासात केलेल्या खुणा, असं समजा.

सशाचं घड्याळ आणि माणसाचं घड्याळ

१९३५ मध्ये हार्वर्डमध्ये ग्रेगरी पिंकस आणि ई. व्ही. एन्झमन यांनी सशाच्या अंडपेशी फॉलिकलमधून बाहेर काढून द्रवात ठेवल्या. त्या कोणत्याही हार्मोनशिवाय आपोआप पुढे सरकल्या. म्हणजे फॉलिकल तिला थांबवून धरत होतं, आणि बाहेर काढलं की ब्रेक सुटत होता. हा शोध आजही टिकून आहे. मग १९३९ मध्ये पिंकस यांनी मानवी अंडपेशींबद्दलही लिहिलं की त्या बाहेर काढल्यावर साधारण बारा तासांत पक्व होतात.

या बारा तासांनी पुढच्या संशोधकांचा बराच काळ घेतला. बोस्टनजवळच्या ब्रुकलाइनमध्ये, स्त्रियांसाठीच्या एका धर्मादाय रुग्णालयात, डॉ. जॉन रॉक आणि त्यांच्या सहकारी मिरियम मेन्किन मानवी अंडपेशींचं शरीराबाहेर फलन करायचा प्रयत्न करत होते. गर्भाची पिशवी काढायची शस्त्रक्रिया ज्यांच्यावर होणार होती अशा बायकांच्या अंडाशयातून मेन्किन अंडपेशी शोधून काढत. सुमारे सहा वर्षांत त्यांनी जवळजवळ ८०० अंडपेशी जमवल्या, १३८ वर फलनाचा प्रयत्न केला. १९४४ मध्ये यश मिळालं आणि 'सायन्स'मध्ये छापून आलं. आकडे परत वाचा: सहा वर्षं, आठशे पेशी, आणि फलन झालेल्या मोजून चार. नमुन्याची टंचाई म्हणजे काय हे यावरून कळतं.

रॉबर्ट एडवर्ड्स यांची गोष्ट याच्या पुढची. त्यांनी लंडनच्या एजवेअर रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॉली रोझ यांच्याकडून शस्त्रक्रियेत काढलेले अंडाशयाचे तुकडे मिळवायला सुरुवात केली. बारा तास थांबून बघितलं तर काहीच हालचाल नाही. दुसरा कुणी असता तर द्रवाला दोष देऊन मोकळा झाला असता. एडवर्ड्स यांनी वेगवेगळ्या प्राण्यांच्या अंडपेशी शेजारी ठेवून पाहिल्या आणि मानवी पेशींना जास्त वेळ दिला. सुमारे पंचवीस तासांनी गुणसूत्रं हलायला लागली आणि पक्वता पूर्ण व्हायला छत्तीस तासांच्या पुढे गेले. १९६५ मध्ये 'नेचर'मध्ये उंदीर, मेंढी, गाय, डुक्कर, रीसस माकड आणि माणूस यांच्या अंडपेशींची तुलना आली, 'लॅन्सेट'मध्ये मानवी अंडपेशींचा सविस्तर वृत्तांत. सशाचं घड्याळ माणसाला लागू नव्हतं.

आज आयव्हीएफ करणाऱ्या बाईला 'ट्रिगर'चं इंजेक्शन रात्री नेमक्या वेळी घ्यायला सांगतात आणि साधारण ३४ ते ३६ तासांनी अंडपेशी काढतात. त्या हिशोबामागे या दीड दिवसाच्या घड्याळाचा शोध आहे.

एडिनबरोतला एक शब्द

एडवर्ड्स यांनी पीएचडी केली एडिनबरोच्या प्राणी-आनुवंशिकी संस्थेत, १९५५ मध्ये. त्या संस्थेचे प्रमुख होते कॉनराड वॉडिंग्टन. 'एपिजेनेटिक्स' हा शब्द १९४२ मध्ये याच वॉडिंग्टन यांनी आजच्या जीवशास्त्रात आणला. त्यांना त्यातून म्हणायचं होतं ते इतकंच, की जनुकांपासून शरीर घडेपर्यंत मधे जे काही घडतं त्याचा अभ्यास व्हायला हवा. मिथाइल गट वगैरे काही त्यांच्या डोळ्यासमोर नव्हतं. ती जोडणी १९७५ मध्ये झाली. रॉबिन हॉलिडे आणि जॉन प्यू यांनी एकीकडे, आर्थर रिग्ज यांनी दुसरीकडे, स्वतंत्रपणे सुचवलं की डीएनएवरचे मिथाइल गट हे पेशीची आठवण जपण्याचं साधन असू शकेल, कारण पेशी दुभंगली तरी त्यांची नक्कल करता येते.

एडवर्ड्स पुढे केंब्रिजला गेले. तिथे त्यांच्या हाताखाली केनियातल्या किसुमू इथे जन्मलेल्या भारतीय वंशाच्या एका विद्यार्थ्यानं १९७५ मध्ये पीएचडी पूर्ण केली: अझीम सुरानी. वॉडिंग्टन यांच्या संस्थेतले एडवर्ड्स, एडवर्ड्स यांचे सुरानी. अंडपेशी हाताळायचं कसब आणि एपिजेनेटिक्सचा विचार यांची गाठ सुरानींच्या कामात पडणार होती.

द्राक्षगर्भानं दिलेला सुगावा

पण त्याआधी एक गोष्ट. अंडपेशी आणि शुक्राणू आपापल्या डीएनएवर वेगवेगळ्या खुणा करून पाठवतात, याचा पहिला सुगावा उंदराकडून आला असं बरेचदा शिकवलं जातं. खरं तर मानवी पेशी त्याआधीच बोलत होत्या.

अंडाशयात कधीकधी एक गाठ सापडते, टेराटोमा. कापली तर आत केस, दात, चरबी. १९७५ मध्ये दिसून आलं की अशा गाठीतली सगळी गुणसूत्रं आईकडची असतात, म्हणजे ती फलन न झालेल्या अंडपेशीपासून वाढते. दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, जपानमध्ये तादाशी काजी आणि कोसो ओहामा यांनी द्राक्षगर्भाची गुणसूत्रं तपासली. द्राक्षगर्भ म्हणजे गर्भाशयात बाळ न वाढता द्राक्षाच्या घडासारख्या पाणी भरलेल्या फोडांची वाढ होणं. डॉक्टर याला 'मोल प्रेग्नन्सी' म्हणतात. पूर्ण द्राक्षगर्भातली गुणसूत्रं सगळी बापाकडची निघाली.

आता दोन्ही शेजारी ठेवा. आईचे दोन संच: शरीराचे तुकडे आहेत, वार नाही. बापाचे दोन संच: वारेची बेसुमार वाढ, बाळ नाही. डीएनएची अक्षरं दोन्हीकडे पुरेशी होती, तरी एकातूनही मूल घडलं नाही. हा पुरावा छापील स्वरूपात समोर होता, पण तो गाठींच्या आणि गर्भपातांच्या साहित्यात होता. भ्रूणशास्त्र वाचणारे बहुतेक जण तिकडे फिरकत नव्हते.

उत्तर आलं १९८४ मध्ये. फलन झाल्यावर काही तास आई-बापाची केंद्रकं वेगवेगळी दिसतात. काचेच्या बारीक नळीनं एक काढून दुसरं बसवायचं तंत्र फिलाडेल्फियात जेम्स मॅकग्रा आणि दावोर सोल्टर यांनी, तर केंब्रिजमध्ये सुरानी, शीला बार्टन आणि मायकेल नॉरिस यांनी उंदरावर वापरलं. दोन्ही केंद्रकं आईची असली तर भ्रूण थोडा वाढे, पण वार खुरटलेली. दोन्ही बापाची असली तर वार बरी, भ्रूण खुरटलेला. एक आईचं आणि एक बापाचं असेल तरच पिल्लू. सुरानींच्या गटानं मांडलं की शुक्राणू आणि अंडपेशी घडत असतानाच डीएनएवर ठसा उमटतो. हेच इंप्रिंटिंग. टेराटोमा आणि द्राक्षगर्भ यांचंही स्पष्टीकरण त्यात आपोआप मिळालं. १९९१ मध्ये अशी ठसा असलेली जनुकं नावानिशी सापडली आणि शंका मिटली.

ठसा उमटतो कधी?

हा प्रश्न सुटला उंदरावर, आणि मुख्यतः जपानमध्ये. तोमोहिरो कोनो यांच्या गटानं १९९६ मध्ये वाढायला सुरुवात न झालेल्या अंडपेशीचं केंद्रक आणि पूर्ण वाढलेल्या अंडपेशीचं केंद्रक एकत्र केलं. बाप नसलेला हा भ्रूण नेहमीच्या अशा भ्रूणांपेक्षा बराच पुढे गेला, साडेतेरा दिवसांपर्यंत. याचा अर्थ न वाढलेल्या अंडपेशीवर आईचा ठसा अजून नव्हता, तो वाढीच्या काळात उमटतो. २००४ मध्ये याच वाटेनं, एका जनुकाच्या भागात आणखी फेरफार करून, कागुया नावाची बिनबापाची उंदरीण मोठी झाली.

पुढच्या दहा वर्षांत यंत्रणाही उलगडली. मिथाइल गट बसवणारं एन्झाइम डीएनएमटी३ए, त्याला साथ देणारं डीएनएमटी३एल. बाळपणी पुसलेल्या पाटीवर लिहायचं कुठे, याचं उत्तर २००९ मध्ये केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेतून आलं: वाढत्या अंडपेशीत ज्या जनुकांवरून आरएनएची नक्कल निघते त्या भागांवर मिथाइल गट बसतात. त्याच वर्षी हेही कळलं की हिस्टोनवरची एक जुनी खूण आधी काढावी लागते, तेव्हाच काही ठिकाणी नवी बसते. वाढ पूर्ण झाली की आरएनए बनणं थांबतं, क्रोमॅटिन घट्ट होतं. शेवटच्या दीड दिवसात हिस्टोनवरचे ॲसिटिल गटही मोठ्या प्रमाणावर निघून जातात.

किती नीटनेटकं चित्र! पण हे सगळं उंदराचं. आणि पिंकस यांच्या बारा तासांची गोष्ट आपण आत्ताच वाचली.

एका पेशीतला डीएनए वाचायचा कसा?

मिथाइल खूण वाचायची खात्रीची पद्धत १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात मारियान फ्रॉमर आणि सहकाऱ्यांनी दिली. डीएनएवर बायसल्फाइट टाकलं की मिथाइल नसलेलं सायटोसिन बदलतं, मिथाइल असलेलं टिकतं. मग क्रम वाचला की खुणा दिसतात. अडचण अशी की बायसल्फाइट डीएनएची पार चाळण करतो. पक्व अंडपेशीत डीएनए असतो सहा-सात पिकोग्रॅम. त्यातला मोठा भाग रसायनातच संपतो.

दुसरी अडचण आणखी बोचरी. अंडपेशीभोवती क्युम्युलस नावाच्या छोट्या पेशींचं दाट आवरण असतं. ते सगळं काढावं लागतं. एक जरी पेशी चिकटून राहिली तरी तिच्यात अंडपेशीइतकाच डीएनए, आणि तिच्यावरच्या खुणा पूर्ण वेगळ्या. तुम्ही अंडपेशी वाचताय असं समजता आणि निम्मा मजकूर शेजारणीचा असतो.

या अडचणींमुळे काय घडतं ते बघा. २००१ मध्ये एका गटानं मानवी अंडपेशी तपासून लिहिलं की गुणसूत्र १५ वरच्या एसएनआरपीएन या जागी आईचा ठसा अंडपेशीत नसतोच, तो फलनाच्या वेळी किंवा नंतर उमटतो. म्हणजे माणूस उंदरापेक्षा मुळातच वेगळा. २००३ मध्ये ब्रुसेल्सच्या गटानं तीच जागा तपासली आणि ठसा अंडपेशीत आधीपासून असल्याचं दाखवलं. दोन्हीकडे हाताशी असलेल्या पेशी मोजक्या, जागा एकच. पुढच्या कामानं दुसऱ्या निष्कर्षाला पाठबळ दिलं. पण त्या दोन वर्षांत कुणी या विषयावर टिपणं काढली असती, तर त्यानं कुठलं उत्तर लिहिलं असतं?

प्रश्न दवाखान्यात पोचतो

हा वाद फक्त प्रयोगशाळेपुरता नव्हता. १९९१ मध्ये कोरियात आणि १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात कच्च्या अंडपेशी बाहेर काढून, शरीराबाहेर पक्व करून गर्भधारणा झाल्याचं प्रसिद्ध झालं. या पद्धतीला आयव्हीएम म्हणतात. हार्मोनची जास्त इंजेक्शनं ज्यांना धोक्याची ठरतात, किंवा कर्करोगाचे उपचार तातडीनं सुरू करायचे असल्यानं ज्यांच्याकडे वेळ नसतो, अशा बायकांना याचा मोठा आधार होतो.

मग २००२ मध्ये जर्मनीतून दोन मुलांची नोंद आली: शुक्राणू सुईनं अंडपेशीत सोडून गर्भधारणा, आणि एसएनआरपीएनच्या भागातला आईचा ठसा गायब, त्यामुळे अँजेलमन सिंड्रोम. २००३ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स इथल्या तीन गटांनी दाखवलं की बेकविथ-वीडेमन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये कृत्रिम तंत्रानं झालेल्या मुलांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त आहे. या आजारातही बरेचदा अंडपेशीनं केलेली एक खूण हरवलेली असते. आजार अतिशय दुर्मीळ, त्यामुळे एखाद्या जोडप्याच्या दृष्टीनं धोका तसा लहानच. पण प्रश्न टोकदार होता. अंडपेशी पक्व होत असताना आपण मध्ये हात घालतो, त्यात खुणा बिघडतात का? की ज्यांना मूल होत नाही त्यांच्या अंडपेशींमध्येच आधीपासून काही फरक असतो?

उत्तर शोधायला अंडपेशी हव्यात. त्या कुठून आणणार? आयव्हीएफमध्ये इंजेक्शनं देऊन दहा-बारा अंडपेशी काढल्या की त्यातल्या एक-दोन कच्च्या निघतात. उपचारात त्यांचा उपयोग नसतो, म्हणून बाईच्या संमतीनं त्या संशोधनाला मिळतात. मग त्या बशीत एक-दोन दिवस ठेवून पक्व करायच्या आणि खुणा तपासायच्या. सुरुवातीच्या कितीतरी अभ्यासांचा कच्चा माल हाच, आणि काहींमध्ये खुणा कमी किंवा विस्कळीत दिसल्या.

इथे थांबून विचार करा. या पेशी कोण होत्या? भरपूर हार्मोन मिळूनही, सोबतच्या दहा जणी पुढे गेल्या तरी, मागे राहिलेल्या. त्यांच्यातली गडबड बशीमुळे झाली की त्या मुळातच अडलेल्या होत्या, हे तशा अभ्यासातून वेगळं काढताच येत नाही. २०१४ मध्ये ब्रुसेल्स आणि व्युर्ट्सबुर्गच्या गटांनी मुद्दाम आयव्हीएमसाठीच काढलेल्या अंडपेशींमधल्या ठशाच्या चार जागा तपासल्या. चुकांचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. चार जागा म्हणजे सगळा जनुकसंच नव्हे, पण तुलना योग्य पेशींशी होती.

आणि आता सुरुवातीचा फरक आठवा. आईचे ठसे उमटतात महिनोन्‌महिने चालणाऱ्या वाढीत. आयव्हीएम बदलतं ते शेवटचा दीड-दोन दिवस. त्यामुळे दिलासा आहेच, फक्त काढलेली अंडपेशी पुरेशी वाढलेली हवी. अगदी लहान फॉलिकलमधून काढली तर लिखाण संपायच्या आत वही ओढून घेतल्यासारखं होईल.

उंदीर जिथे साथ सोडतो

२०१४ पासून पूर्ण जनुकसंचाच्या पातळीवर मानवी अंडपेशी वाचता येऊ लागली. त्या वर्षी बीजिंगमधून, हार्वर्डमधून आणि जपानमधून असे अभ्यास आले. ठोकळ चित्र उंदरासारखंच: अंडपेशीत साधारण निम्म्या जागांवर मिथाइल गट, शुक्राणूत बरेच जास्त. पण तपशिलात फरक निघत गेले. उंदरात ज्याच्याशिवाय आईचे ठसे उमटतच नाहीत ते डीएनएमटी३एल मानवी अंडपेशीत जवळजवळ सापडतच नाही. २०१७ मध्ये एकेका मानवी अंडपेशीचं वाचन करणाऱ्या अभ्यासात दिसलं की कच्च्या अवस्थेपासून पक्व अवस्थेपर्यंत जाताना नेहमीच्या सीजी जोडीबाहेरच्या सायटोसिनवर मिथाइल गट वाढत जातात. २०१९ मध्ये आणखी एक: उंदराच्या अंडपेशीत हिस्टोनवरची एक खूण लांबच लांब पट्ट्यांत पसरलेली असते, मानवी अंडपेशीत मात्र ती जनुकांच्या सुरुवातीपाशीच टोकदारपणे दिसते. वयाचा परिणामही मानवी पेशींवर थेट पाहिला गेला. नेदरलँड्समधल्या गटानं २०११ मध्ये दाखवलं की वय वाढलेल्या बायकांच्या अंडपेशीत शेवटच्या टप्प्यात जे ॲसिटिल गट निघून जायला हवेत ते काही वेळा राहून जातात, आणि त्याचा गुणसूत्रं नीट रांगेत न लागण्याशी संबंध आहे.

सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र परत द्राक्षगर्भाचं. काही कुटुंबांत एखाद्या बाईला प्रत्येक खेपेला द्राक्षगर्भच होतो. तपासलं तर गुणसूत्रं आई-बाप दोघांचीही असतात, म्हणजे १९७७ चं स्पष्टीकरण इथे चालत नाही. २००२ मध्ये कळलं की अशा गर्भात आईचे ठसेच नसतात. २००६ मध्ये कारणीभूत जनुक सापडलं, एनएलआरपी७. बिघाड बाईच्या दोन्ही प्रतींमध्ये असतो आणि त्याचा परिणाम तिच्या अंडपेशीवर होतो. गुणसूत्रं आईची, पण त्यावर आईची खूण नाही. गर्भ मग दोन बापांचा असल्यासारखा वाढतो.

हे जनुक उंदरात नाहीच. हवे तेवढे उंदीर मारा, हा प्रश्न तिथे सरळ विचारता येत नाही. उत्तर मिळालं ते त्या कुटुंबांतल्या बायकांनी आपले नमुने दिले म्हणून. आणि त्याचा उपयोगही त्यांच्यापर्यंत पोचला. पुन्हा पुन्हा तेच दुःख सोसण्याऐवजी दात्या स्त्रीची अंडपेशी वापरली तर गर्भ नीट वाढू शकतो, हे आता सांगता येतं, आणि अशी मुलं जन्मलीही आहेत.

आपल्याकडे, आणि आपल्या टेबलावर

भारतातही या कामाची मुळं आहेत. कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच शरीराबाहेर फलन केल्याचं सांगितलं आणि त्यांच्या हयातीत त्यावर विश्वास ठेवला गेला नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शेजारच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूच्या प्रयत्नातून शास्त्रीय नोंदींसह टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. आज गावोगावच्या पाट्यांवर आयव्हीएफ सेंटर दिसतं. २०२१ च्या कायद्यानं अंडपेशी देणं आणि साठवणं यांना नियम घातले, आणि संशोधनासाठीचा वापरही त्या कायद्याच्या कक्षेत आणला. तुमच्यापैकी कुणी उद्या या विषयात शिरलात, तर तुमच्या टेबलावर येणारी बशी अशाच एखाद्या उपचाराच्या खोलीतून आलेली असेल.

म्हणून मानवी अंडपेशीवरचा कुठलाही निबंध उघडला की मी आधी पद्धतींच्या भागात पाच गोष्टी शोधते. पेशी कोणत्या अवस्थेतली होती? ती शरीरात पक्व झाली की बशीत? इंजेक्शनं दिली होती का, आणि ती उपचारातून मागे राहिलेली होती का? क्युम्युलस पेशी पूर्ण निघाल्या याची खात्री कशी केली? आणि एकूण अंडपेशी किती, त्या किती बायकांच्या? वीस अंडपेशी वीस जणींच्या असणं आणि दोघींच्या असणं यात फार फरक आहे.

पाचांपैकी एखाद्याचं उत्तर सापडलं नाही, तर निबंध फेकून देऊ नका. समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह करा आणि पुढे वाचा. मार्गदर्शकांसमोर चर्चेला बसाल तेव्हा त्या प्रश्नचिन्हापासूनच बोलायला सुरुवात करता येईल. एडवर्ड्स यांनी बारा तासांपाशी नेमकं तेच केलं होतं.